सर्चूची सकाळ आणि डिकीतला इंजेक्टर: एका प्रवासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण जून २०२२ मधले आहे. सांगली जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक, त्यांच्या पत्नी, मेहुणे आणि मेहुण्यांच्या पत्नी असे चौघे स्वतःच्या गाडीने मनालीमार्गे लेहला निघाले होते. गाडी २०१४ ची, चार सिलिंडरच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाची, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावे आणि गाडीचे मॉडेल दिलेले नाही. माझा संबंध एवढाच की मी पंप-नोझलचे काम करतो, गाडीची देखभाल माझ्याकडे होती आणि पुढे ज्या सुट्या इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणाऱ्या भागाची) गोष्ट येते तो मीच त्यांना दिला होता. जे चुकले त्यात माझाही वाटा आहे, आणि तो लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

निघण्यापूर्वी महिनाभर गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेत होती. पूर्वी सेल्फ मारताच उचलणारे इंजिन आता तीन-चार सेकंद फिरवावे लागे. मी मालकांना, म्हणजे शिक्षकांना, गाडी अर्धा दिवस ठेवून जायला सांगितले होते, म्हणजे चारही इंजेक्टरची रिटर्न तपासता आली असती. "आल्यावर बघू, मिस्त्री," असे ते म्हणाले आणि मीही आग्रह धरला नाही, कारण गाडीला ओढ चांगली होती, धूर नव्हता आणि त्यांची निघायची तारीख चार दिवसांवर आली होती.

रिटर्न म्हणजे काय हे येथेच सांगितले पाहिजे. कॉमन रेल इंजिनात पंप डिझेलचा दाब वाढवून ते एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो. त्या पिढीच्या इंजिनांत हा दाब पूर्ण भाराला १,६०० बारपर्यंत जातो. इंजेक्टरच्या आत एक बारीक झडप असते. ती उघडली की सुईच्या डोक्यावरचे डिझेल थोडेसे बाहेर पडते, सुई उचलली जाते आणि फवारा सुटतो. बाहेर पडलेले हे डिझेल रिटर्नच्या नळीने टाकीकडे परत जाते. झडपेची बैठक झिजली की ती बंद असतानाही डिझेल गळत राहते, आणि पंपाने कमावलेला दाब रिटर्नमधून वाहून जातो. सेल्फवर पंप मुळातच हळू फिरत असतो. त्या वेळी रेलमध्ये साधारण दोनशे-अडीचशे बार दाब जमल्याशिवाय कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही. त्यामुळे चालू गाडीत न जाणवणारी गळती सकाळच्या पहिल्या सेल्फला दिसू लागते.

सुट्या भागांची पेटी मालकांनी हौसेने भरली होती. तिचे वजन चौदा किलो होते. तिच्यात क्लच प्लेट होती, जी बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट, बल्ब, चार लिटर इंजिन ऑइल आणि रद्दी कागदाच्या तीन घड्यांत गुंडाळून ठेवलेला वापरलेला इंजेक्टरही होता. डिझेल फिल्टर नव्हता. इंजेक्टरखाली बसणारी तांब्याची वॉशर नव्हती. इंजेक्टर देताना तिचा विषय मीही काढला नव्हता.

बिघाडाची सुरुवात

मनालीच्या पुढे तांडीच्या पंपावर टाकी भरून आणि वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन भरून घेऊन ते पुढे निघाले. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' हा तिथला फलक या रस्त्यावर गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. दारचा मागे टाकून बारालाचा खिंडीची चढण लागल्यावर गाडीची ओढ कमी झाली, इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर जाईना. सुमारे ४,८९० मीटर उंचीच्या खिंडीत ओढ कमी होणारच, असे सर्वांनी गृहीत धरले. मेहुण्यांकडे फोनला जोडायचा छोटा स्कॅनर होता. त्यावर पी ००८७ हा कोड आला, म्हणजे रेलमधला दाब गरजेपेक्षा कमी. त्यांनी कोड पुसला, दिवा गेला, गाडी थोडी मोकळी झाली आणि प्रवास सुरू राहिला.

माझ्या मते हा पहिला निर्णयबिंदू होता. कोड पुसल्याने दोष जात नाही, हे मालकांनाही ठाऊक होते. परंतु दिवा विझला की माणसाच्या मनावरचे ओझेही उतरते. त्या क्षणी वाटेत लागलेले केलाँग गाव मागे सत्तर-ऐंशी किलोमीटरवर होते, गाडी चालती होती आणि दुपारचे दोन वाजले होते. तिथून वळणे सर्वांत स्वस्तात पडले असते.

संध्याकाळी ते सर्चूच्या तंबूंच्या तळावर पोहोचले आणि कॅनमधले दहाएक लिटर डिझेल टाकीत ओतले. हा कॅन घरच्या शेतातल्या इंजिनासाठी वापरात होता. ओतताना गाळणी किंवा कापड लावले नव्हते.

सर्चूची सकाळ

सर्चू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्केच असतो, आणि जूनमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. सकाळी सहाला गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. पंधरा मिनिटे गरम केल्यावर सामान लावण्यासाठी ती बंद केली, आणि मग मात्र ती सुरूच होईना. चाळीस मिनिटांनी इंजिन निवल्यावर पुन्हा सुरू झाली.

संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा हाच होता, आणि तो त्या सकाळी कोणीच वाचला नाही. समोर चार संशयित होते: थंडीने डिझेलमध्ये धरलेले मेण, विरळ हवा, कॅनमधला कचरा आणि इंजेक्टर. मेणाचा त्रास गार इंजिनाला होतो आणि ऊन चढले की कमी होतो, तर इथे गरम इंजिनच अडत होते. विरळ हवेने ओढ कमी होते, पण गार इंजिन उचलते आणि गरम उचलत नाही, असे घडत नाही. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या बैठकीतून अधिक गळते, म्हणून रिटर्न वाढलेली गाडी बहुधा गरम असतानाच अडते. कॅनचे डिझेल तर दिवा लागल्यानंतर ओतलेले होते. तरीही मालकांचा राग कॅनवरच होता, कारण ती ताजी आणि स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट होती.

तळावर थांबलेल्या एका ट्रकचालकाने मदतीची तयारी दाखवली. इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट ढिला करायचा, ज्या नळीला आवाज बदलणार नाही तो नोझल खराब, ही त्याची पद्धत होती. रेल नसलेल्या जुन्या इनलाइन पंपाच्या ट्रकवर पिढ्यान्‌पिढ्या असेच केले जाते. मेहुण्यांनी त्याचा हात धरला. ते कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेसवर काम केलेले गृहस्थ आहेत. "दाजी, यांना लांब करा. त्या नळीतली धार दिसत नाही, पण कातडी फोडून आत जाते," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अशा दाबाची बारीक धार त्वचेतून आत शिरली तर वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत गेलेल्या डिझेलने ऊती मरतात आणि बोट किंवा हात वाचवण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. सर्चूत ती कुठून होणार? कॉमन रेल इंजिन चालू असताना दाबाच्या नळीला पाना लावायचाच नाही, आणि बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटे द्यायची.

पुढचे पाऊल मात्र मालकांनी स्वतः उचलले. तिसऱ्या इंजेक्टरभोवती काळपट ओल दिसत होती, म्हणून इंजिन बंद करून त्यांनी त्याची नळी सोडली, इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला केला आणि इंजेक्टर पक्कडीने पिळून उपसायचा प्रयत्न केला. ती ओल वरून झिरपलेल्या जुन्या ऑइलची होती. दोषी इंजेक्टर तिसराच निघाला, हा निव्वळ योगायोग. काजळीने धरलेला इंजेक्टर हलला, पण निघाला नाही. वीस मिनिटे झटून त्यांनी बोल्ट पुन्हा अंदाजाने आवळला. या वेळात नळीचे उघडे तोंड सर्चूच्या धुळीच्या वाऱ्यात तसेच होते.

गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रत्येक फेरीबरोबर 'फस्स फस्स' असा आवाज येऊ लागला. एकदा दबून बसलेली तांब्याची वॉशर हलली की पुन्हा तशीच बसत नाही, आणि सिलिंडरमधला जळता वायू तिच्या कडेने वर येतो. एका बिघाडाचे दोन झाले होते.

समोरचे पर्याय

तळावर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे निर्णय चौघांनाच घ्यायचा होता.

पुढे लेह सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत नकी ला, लाचुंग ला आणि ५,३०० मीटरहून उंच तांगलांग ला या खिंडी, आणि मध्ये विसाव्याला म्हणावे असे पांग. गाडी लेहपर्यंत पोहोचली असतीही, पण मोरेच्या पठारावर बंद पडली असती तर दोन्ही बाजूंनी मदत सारखीच लांब होती. मागे केलाँग सुमारे १०७ किलोमीटर, मध्ये एकच खिंड, आणि सर्चूकडून तिची चढण सहाशे मीटरच्या आतली. त्यानंतर सगळी उतरण. तिसरा पर्याय म्हणजे गाडी तिथेच ठेवून मनालीहून रिकव्हरी व्हॅन मागवायची. खर्च आणि दोन दिवसांची थांबण पाहता, गाडी चालत असताना तो कोणाला पटला नाही. चौथा, म्हणजे सुटा इंजेक्टर तिथेच बसवणे, हा पर्याय सकाळच्या झटापटीने आपोआप बाद झाला होता. त्याबद्दल मी त्या अडलेल्या काजळीचे आभारच मानतो. इंजेक्टर निघाला असता तर नव्या वॉशरशिवाय, न पुसलेल्या बैठकीवर बसवला गेला असता.

त्यांनी मागे फिरायचे ठरवले. हा निर्णय त्या दिवशीचा सर्वांत शहाणपणाचा होता, असे मला वाटते.

केलेली कृती

दोघी बायकांना आणि जड सामानाला परतीच्या वाटेवर असलेल्या नाशिकच्या एका गटाच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये जागा मिळाली. गाडी हलकी झाली. मेहुण्यांनी दोन नियम घातले. पहिला, केलाँग येईपर्यंत इंजिन बंद करायचे नाही, जेवतानासुद्धा. दुसऱ्यासाठी मात्र तो मोडावा लागत होता: दर तीसेक किलोमीटरवर उताराच्या तोंडाशी गाडी थांबवायची, इंजिन बंद करून ऑइलची कांडी काढायची, आणि गरज पडल्यास उतारावर ढकलून सुरू करायची.

कांडी पाहण्याचे कारण महत्त्वाचे आहे. इंजेक्टरमधून रिटर्न वाढली आहे तोवर गाडी सावकाश नेता येते. परंतु इंजेक्टर उघडाच अडकला, तर डिझेल सिलिंडरमध्ये ओतत राहते, हातोडा मारल्यासारखा ठोका येतो, पांढरा किंवा काळा दाट धूर निघतो, पिस्टन वितळू शकतो, आणि न जळलेले डिझेल खाली उतरून ऑइलची पातळी वाढते. तसे झाले तर एक किलोमीटरही पुढे जायचे नाही, टोचन करूनच न्यायची. मेहुणे कांडी पांढऱ्या टिश्यू पेपरवर टेकवत, डाग पसरायची वाट पाहत आणि नाकाशी नेत. डिझेल मिसळले असेल तर काळ्या ठिपक्याभोवती पातळ, पिवळसर कडा पसरते. तिन्ही वेळा ठिपका घट्ट राहिला. सात तासांनी ते केलाँगला पोहोचले.

केलाँगला रेंज आल्यावर मला फोन आला. मी पहिला प्रश्न गरम-गारचा विचारला आणि उत्तर ऐकूनच रिटर्न तपासायला सांगितली. तिथला मेकॅनिक तरुण होता, पण हात स्वच्छ होता. त्याने चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून पारदर्शक नळ्या लावल्या आणि पाण्याच्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. तीन मिनिटे इंजिन आयडलला ठेवले. मला व्हिडिओवर दिसत होते: पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीच्या तळाला दोन बोटेही डिझेल नव्हते, तिसरी निम्मी होत आली होती. सर्चूत हीच तपासणी बाटल्या आणि नळीच्या चार तुकड्यांनिशी वीस मिनिटांत झाली असती.

आता सुटा इंजेक्टर कामाला आला. त्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अंकापर्यंत जुळतो की नाही हे मी फोटोवरून दोनदा पाहिले. बाहेरून सारखे दिसणारे इंजेक्टर आतून वेगळे असू शकतात. मेकॅनिकने काजळीवर तेल सोडून रात्रभर ठेवले आणि सकाळी सरकत्या वजनाच्या पुलरने तिसरा इंजेक्टर काढला. जुनी वॉशर मात्र वर आली नाही. ती भोकाच्या तळाला चिकटून राहिली होती. टॉर्च धरून, टोक वाकवलेल्या तारेने त्याने ती उचलली. ही वॉशर आत राहिली आणि वर दुसरी बसली तर इंजेक्टर एका वॉशरच्या जाडीइतका उंच बसतो, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि गाडी का धूर काढते हे कोणालाच कळत नाही. माझ्याकडे अशा गाड्या दरवर्षी येतात.

नवी वॉशर त्याच्याकडे नव्हती. जुनी लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायची, तांबे मऊ होते, पुन्हा वापरता येते, असे त्याने सुचवले. तांबे मऊ होते हे खरे, पण एकदा दबलेल्या वॉशरची जाडी परत येत नाही, आणि पुढे दोन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होता. मी थांबायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मनालीहून वॉशर आणि डिझेल फिल्टर बसच्या ड्रायव्हरकडे आले. आपल्याकडे एसटीतून पार्सल येते तसेच. तोवर नळीच्या आणि रेलच्या तोंडांवर मेकॅनिकने नव्या रबरी हातमोज्याची कापलेली बोटे ओढून ठेवली होती. इंजेक्टरच्या आतली फट दोन-चार मायक्रॉनची असते, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. उघडे तोंड म्हणजे धुळीला आमंत्रणच.

इंजेक्टर बसवल्यावर गाडी दुसऱ्या सेकंदाला उचलली. फस्सफस्स थांबली. आयडलला थोडा ठोका राहिला, कारण प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या घडणीतल्या बारीक फरकाचा कोड असतो आणि तो कंट्रोल युनिटमध्ये भरायला लागणारा स्कॅनर तिथे नव्हता. तशा अवस्थेत गाडी चालते. जोरात पळवायची नाही एवढेच.

निष्पत्ती

लेह राहिले. चौघे मनालीमार्गे परतले आणि गाडी सरळ माझ्या शेडमध्ये आली. कोड भरल्यावर ठोका गेला. काढलेला तिसरा इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावला. झडपेच्या बैठकीवर भिंगाखाली एक चकाकती रेघ दिसली, डिझेल वर्षानुवर्षे एकाच वाटेने गेल्यावर पडते तशी. ही झीज दोन दिवसांतली नव्हती. बाकीचे तीन मर्यादेत होते. कॅनमधले उरलेले डिझेल काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवले तेव्हा तळाला राखाडी गाळाचे कडे जमले. केलाँगला काढलेल्या फिल्टरमध्येही तोच गाळ होता, म्हणजे फिल्टरने आपले काम केले होते. कॅन वाईट होता, पण त्या सकाळचा गुन्हेगार नव्हता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी माझे. सेल्फला वेळ लागतो हे ऐकल्यावर अर्ध्या दिवसाची तपासणी झाल्याशिवाय गाडी सोडायला नको होती. गिऱ्हाईक घाईत असले की मिस्त्रीही घाईत येतो. आणि इंजेक्टर देताना त्याच्याबरोबर वॉशर, तोंडाच्या टोप्या आणि एक चिठ्ठी द्यायला हवी होती. नुसता इंजेक्टर देणे म्हणजे पाना न देता स्टेपनी देणे.

मालकांनी कोड पुसण्याआधी लिहून ठेवायला हवा होता आणि पुन्हा आला तर मागे वळायचे, असे तिथेच ठरवायला हवे होते. सर्चूत क्लॅम्पला हात लावणे ही सर्वांत महाग चूक. तिचे नुकसान थोडक्यात निभावले, एवढेच.

इंजेक्टर सोबत नेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. या प्रकरणात तो उपयोगी पडला. पण तो वाटेत बसवण्यासाठी नेला नव्हता, जिथे पुलर आणि स्वच्छ हात मिळतील तिथे पोहोचल्यावर सुट्या भागाची वाट पाहण्याचे चार दिवस वाचवण्यासाठी नेला होता, हे आधी मान्य केले तर सर्चूत पाना हातात घ्यावासा वाटत नाही. पेट्रोल गाडीचा हिशेब वेगळा आहे. इनटेकमध्ये फवारणाऱ्या साध्या इंजेक्टरमागे तीन-चार बारच दाब असतो, आणि रेल उतरवून रबरी रिंगांसह तो बदलणे सावध हाताला शक्य असते.

पेटी आता साडेचार किलोची आहे. क्लच प्लेट बाहेर गेली. आत दोन डिझेल फिल्टर, वॉशरचा जोड, रिटर्न नळीचे क्लिप आणि ओ-रिंग, पारदर्शक नळीचे चार तुकडे, हातमोजे, तोंडाच्या टोप्या आणि कोड भरता येणारा स्कॅनर. इंजेक्टर तपासून, कोड लिहून, बंद पिशवीत. डिझेलचा कॅन नवा, झाकणाला गाळणी असलेला. पुलर घ्या म्हणून मी सुचवले, तर मालक नको म्हणाले. तो केलाँगच्या पोराकडे आहे आणि त्याचा नंबर आपल्या वहीत आहे, असे त्यांचे म्हणणे. दोष कॅनचाच होता, हे मात्र ते अजूनही सोडत नाहीत.